कोवळ्या ओठांवरच्या शिव्या : एक ऐतिहासिक मागोवा

आजकाल कोणत्याही शाळेच्या पालकसभेत एक तक्रार हमखास कानी पडते. आठवी-नववीतील मुले, आणि काही ठिकाणी मुलीही, एकमेकांना हाक मारताना नावाच्या आधी शिवी घालतात. ती भांडणात दिलेली नसते, गप्पांत दिलेली असते. रागाने नव्हे, तर सलगीने दिलेली असते. मधल्या सुट्टीत पटांगणावरून एक फेरी मारली, तरी आईवरून आणि बहिणीवरून दिलेल्या कितीतरी शिव्या ऐकू येतात. शिक्षक त्रासून गेले आहेत. पालक मोबाइलला आणि चित्रपटांना दोष देतात. आणि घरातील वडीलधारी मंडळी सुस्कारा टाकून म्हणतात, ‘आमच्या वेळी असे नव्हते.’

या शेवटच्या वाक्यापाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे खरे आहे काय? पौगंडावस्थेतील मुलांची जीभ पूर्वी खरोखर स्वच्छ होती, आणि ती आताच बिघडली? की ही तक्रार शाळेइतकीच जुनी आहे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. रोगाचे निदान चुकले, तर औषधही चुकते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही इतिहासाची काही पाने उलटून पाहणार आहोत.

प्रथम शिवीकडेच पाहू. संस्कृतातील ‘शप्’ या एकाच धातूपासून ‘शपथ’ आणि ‘शाप’ हे दोन्ही शब्द आले आहेत. इंग्रजीतही शपथ घेणे आणि शिवी देणे यांसाठी एकच क्रियापद आहे. हा योगायोग नव्हे. शपथ घेताना माणूस आपल्याला सर्वांत पवित्र वाटणाऱ्या गोष्टीचे नाव घेतो आणि शिवी देतानाही तो त्याच गोष्टीला हात घालतो. ख्रिस्ती युरोपात शतकानुशतके शिवीचा विषय होता तो देवाचे नाव, प्रभूच्या जखमा, त्याचे रक्त. आपल्याकडे शिवीचा विषय आहे आई आणि बहीण. समाज कशाला पवित्र मानतो आणि कोणाला दुबळे समजतो, हे त्याच्या शिव्यांवरून नेमके कळते.

मुलांच्या वाचाळपणाची एक फार जुनी नोंद पवित्र शास्त्रातच आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अलीशा संदेष्टा बेथेलकडे जात असता गावातील पोरे त्याच्या टकलावरून त्याची टर उडवतात. संदेष्टा त्यांना शाप देतो आणि रानातून दोन अस्वली येऊन बेचाळीस पोरांना फाडून टाकतात. ही कथा वाचताना मन अस्वस्थ होते. अपशब्दाचे उत्तर शापाने आणि शापाचा शेवट रक्तपाताने, असा तो क्रम आहे.

प्रभू येशूने मात्र या विषयाला निराळीच दिशा दिली. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, तो भावाला ‘राका’ म्हणणाऱ्याविषयी बोलतो. ‘राका’ हा त्या काळातील अरेमाइक भाषेतील रोजचा अपशब्द. अर्थ साधारण ‘रिकाम्या डोक्याचा’. प्रभू हा विषय कोठे काढतो, ते लक्षात घेण्यासारखे आहे. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, या दुसऱ्या आज्ञेचे विवेचन करताना नव्हे, तर खून करू नये, या पाचव्या आज्ञेचे विवेचन करताना. म्हणजे शिवी ही केवळ जिभेची अस्वच्छता नव्हे. ती समोरच्या माणसावर केलेला प्रहार आहे. हा विचार पुढील कित्येक शतके मागे पडला. तो पुन्हा कसा पुढे आला, हेच आम्हाला सांगायचे आहे.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, तागास्ते नावाच्या गावी ३५४ साली संत ऑगस्टीन यांचा जन्म झाला. त्यांच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात शाळकरी वयाचे जे चित्र आहे, ते आजच्या कोणत्याही मुख्याध्यापकाला ओळखीचे वाटेल. सोळाव्या वर्षी पैशांअभावी त्यांचे शिक्षण खंडित झाले आणि ते घरी बसले. त्या रिकाम्या वर्षात मित्र आपापल्या वाह्यातपणाच्या बढाया मारीत. आपण त्यांच्यापेक्षा कमी निर्लज्ज ठरू, याची ऑगस्टीनना लाज वाटे. म्हणून न केलेल्या गोष्टीही केल्या म्हणून ते सांगत. पौगंडावस्थेचे याहून अचूक वर्णन आमच्या वाचनात नाही. त्या वयातील मुलाला वाईट होण्याची फारशी हौस नसते. कळपाबाहेर पडण्याचे मात्र त्याला विलक्षण भय असते.

त्याच ग्रंथात ऑगस्टीन आपल्या शिक्षकांवरही ठपका ठेवतात. लॅटिन भाषेत ‘माणूस’ या शब्दाचा ‘ह’कार कोणी गाळला, तर लोक नाके मुरडीत; पण तोच माणूस दुसऱ्या माणसाचा द्वेष करीत असेल, तर कोणाला त्याचे काही वाटत नसे. व्याकरणाची चूक झाली की छडी ठरलेली. मनाची चूक मोजायला कोणाकडे छडी नव्हती. पुढे कार्थेज येथे उच्च शिक्षण घेताना नवख्या मुलांची टिंगल करून त्यांना रडवणाऱ्या दांडगटांची एक टोळीच त्यांना भेटली. काही वर्षांनी ते स्वतः तेथे शिक्षक झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या या उच्छृंखलपणाला कंटाळून त्यांनी कार्थेज सोडले आणि ३८३ साली रोम गाठले. सोळाशे वर्षांपूर्वीची ही हकिगत आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार निदान ऑगस्टीन यांना नव्हता!

मध्ययुगात ख्रिस्ती राजांनी या रोगावर कायद्याचा उपाय करून पाहिला. फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्याला ख्रिस्तसभेने १२९७ साली संत म्हणून घोषित केले, तो देवनिंदेच्या बाबतीत अतिशय कठोर होता. त्याचा सहकारी आणि चरित्रकार ज्वांव्हील सांगतो, की पॅरिसमधील एका नागरिकाचे नाक आणि ओठ राजाने तापल्या लोखंडाने डागविले. माझ्या राज्यातून हे पाप जाणार असेल, तर मी स्वतःलाही डागून घेईन, असे राजा म्हणत असे. त्याच्या हेतूविषयी शंका नाही. तरीही १२६८ साली पोप चौथे क्लेमेंट यांनी त्याला लिहिले, की शिक्षा करावी, पण अंगच्छेद किंवा देहदंड करू नये. सहा वर्षांनी, १२७४ साली, लियोच्या धर्मपरिषदेनंतर पोप दहावे ग्रेगरी यांनी वेगळाच मार्ग धरला. प्रभूच्या नामाची भक्ती लोकांत रुजविण्याचे काम त्यांनी डॉमिनिकन संघावर सोपविले. नाव विटाळणाऱ्याचे ओठ डागण्याऐवजी तेच नाव ओठांवर प्रेमाने आणण्याचा हा प्रयत्न होता.

शाळांच्या इतिहासात यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे येशूसंघाने १५९९ साली प्रसिद्ध केलेली ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही शिक्षणसंहिता. पुढे पौने दोन शतके युरोपातील आणि गोव्यासह पूर्वेकडील असंख्य विद्यालये तिच्या आधारे चालली. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या नियमांत शपथा घेणे, अपमानकारक बोलणे, दुसऱ्याला दुखावणे, चहाडी, खोटेपणा आणि निषिद्ध खेळ यांपासून पूर्णपणे दूर राहावे, असे स्पष्ट सांगितले आहे. जे घडतच नाही, त्यावर कोणी बंदी घालीत नाही. शिस्तबद्ध म्हणून नावाजलेल्या त्या विद्यालयांतही मुले आपसांत काय बोलत, हे त्या नियमावरून सहज ताडता येते. त्या संहितेची आणखी एक तरतूद लक्षणीय आहे. शारीरिक शिक्षा करणे अपरिहार्य झाले, तर ती संघाच्या धर्मगुरूने स्वतः करू नये. त्यासाठी संघाबाहेरील माणूस नेमावा. गुरू आणि छडी यांत अंतर राहावे, ही जाणीव तेव्हा झाली होती. छडी टाकून द्यावी, हा विचार मात्र अजून दूर होता.

तो विचार प्रत्यक्षात आणला इटलीतील एका शेतकऱ्याच्या मुलाने. योहान बॉस्को यांचा जन्म १८१५ साली तुरीन शहराजवळील बेक्की या वस्तीत झाला. नऊ वर्षांचे असताना त्यांना एक स्वप्न पडले. अंगणात पुष्कळ मुले जमली होती. काही हसत होती, काही खेळत होती आणि बरीचशी देवाच्या नावाने अभद्र बोलत होती. ते ऐकताच छोटा योहान मुठी आवळून त्यांच्यावर धावून गेला. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष प्रकट झाला आणि त्याने सांगितले, की या मुलांना ठोशांनी नव्हे, तर सौम्यतेने आणि प्रीतीने आपलेसे करायचे आहे. पुढे पोप नववे पायस यांच्या आग्रहावरून लिहिलेल्या आठवणींत बॉस्को यांनी हे स्वप्न नमूद केले. त्यांचे सारे जीवनकार्य त्या एका स्वप्नातून उमलले, आणि त्या स्वप्नाचे निमित्त होते शिव्या देणारी मुले, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

किएरी गावी शिकत असताना, १८३२ साली, त्यांनी आपल्या सोबत्यांचे एक ‘आनंदमंडळ’ काढले. नियम दोनच. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही बोलायचे अथवा करायचे नाही, आणि अभ्यास व धर्माचरण यांत कसूर करायची नाही. जो अभद्र बोलेल, त्याला मंडळातून ताबडतोब निरोप. आणि मंडळाचे काम काय? खेळ शोधणे, गमतीच्या गोष्टी सांगणे, सर्वांना आनंदात ठेवणे! ऑगस्टीन यांच्या सोबत्यांमध्ये निर्लज्जपणा हे प्रवेशपत्र होते. बॉस्को यांनी कळप मोडला नाही. त्याचे प्रवेशपत्र तेवढे बदलले.

१८४१ साली धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर ते तुरीनमध्ये आले, तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेली गवंडीकाम करणारी, धुराडी साफ करणारी पोरकी मुले रस्तोरस्ती भटकत होती. ८ डिसेंबर १८४१ रोजी एका चर्चच्या वस्त्रागारात बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा अनाथ मुलगा आडोशाला उभा होता. त्याला मिस्सेची सेवा करता येत नाही असे कळताच तेथील सेवकाने काठी उगारून त्याला पिटाळले. बॉस्को यांनी त्याला परत बोलावले, त्याची विचारपूस केली आणि तेथेच त्याला पहिला धर्मपाठ दिला. या एका मुलापासून सुरू झालेले काम १८४६ साली वाल्दोक्को येथील एका पडवीत स्थिरावले. तेथे शेकडो मुले येऊ लागली. त्यांच्या तोंडी रस्त्याचीच भाषा होती. बॉस्को यांनी पटांगणाला महत्त्व दिले. धावा, उड्या मारा, ओरडा, पाहिजे तेवढा गोंगाट करा, अशी मुभा दिली. पण शिक्षकांनी त्याच पटांगणात मुलांबरोबर खेळले पाहिजे, असा दंडक घातला. रात्री निजण्यापूर्वी दोन शब्द प्रेमाचे सांगण्याचा प्रघात त्यांच्या आईने, मार्गारेता यांनी, सुरू केला. १८७७ साली बॉस्को यांनी ही पद्धत लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. गुन्हा घडल्यावर दंड करणाऱ्या पद्धतीला त्यांनी बाजूला सारले आणि गुन्ह्याची वेळच येऊ न देणारी सोबत देऊ केली.

तिचे फळ म्हणजे दोमिनिक साव्हियो. १८५४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या बाराव्या वर्षी, तो वाल्दोक्कोत दाखल झाला आणि १८५७ च्या मार्चमध्ये, पंधरा वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, मरण पावला. त्याचे चरित्र बॉस्को यांनीच १८५९ साली लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या घराण्याविषयी अपशब्द काढले. शब्दाने शब्द वाढत गेला आणि अखेर दोघांनी गावाबाहेर जाऊन दगडांनी लढण्याची पैज लावली. दोमिनिक त्यांच्या मध्ये उभा राहिला, हातातील लहानसा क्रूस उंच धरला आणि पहिला दगड माझ्यावर मारा, असे त्याने विनविले. हात खाली आले. वाचकहो, भांडणाचे कारण पुन्हा पाहा. देवाचे नाव नव्हे, एकमेकांचे आईबाप. आजच्या आपल्या पटांगणावरची मारामारी दुसऱ्या कोणत्या कारणाने होते?

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. रस्त्यात एक गाडीवान संतापून देवाच्या नावाने वाटेल ते बरळत होता. दोमिनिकने जवळ जाऊन नम्रपणे त्याला वाल्दोक्कोचा रस्ता विचारला. त्या गोड बोलण्याने गाडीवान ओशाळला आणि आपल्याला ठाऊक नसल्याचे त्याने सांगितले. तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, की मग दुसरा एक उपकार करा. राग आला म्हणजे निराळे काही शब्द वापरा. येथे शिवी देणारा प्रौढ आहे आणि शिकविणारा मुलगा आहे. तुरीनच्या पोरांनी शिव्या कोणाकडून उचलल्या, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

आपल्या कोकणापुरते बोलायचे, तर हे उत्तर दगडावरच कोरलेले आहे. उत्तर कोकणात ठिकठिकाणी शिलाहार राजवटीतील ‘गद्धेगाळ’ नावाच्या शिळा सापडतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी. राजाने दिलेले दान जो कोणी मोडील, त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, अशी शापवाणी त्यांवर असते. कित्येक शिळांवर तिचे चित्रही खोदलेले असते. मुंबईत परळ येथे मिळालेला दुसऱ्या अपरादित्य राजाचा शके ११०८, म्हणजे इसवी सन ११८७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटची शापवाणी मराठीत. दानाची घोषणा देववाणीत, आणि शिवी मात्र सर्वांना समजावी म्हणून लोकांच्या भाषेत! आपल्या मातृभाषेच्या प्रारंभीच्या लिखित खुणांत आईवरची शिवी आहे, आणि ती कोणा उनाड पोराने नव्हे, तर राजसत्तेने अधिकृतपणे कोरली आहे. गुन्हा करणार पुरुष आणि विटंबना होणार त्याच्या आईची, हा न्याय तेव्हाही कोणाला खटकला नाही. नववीतला मुलगा मित्राला गमतीने जी शिवी देतो, तिच्यामागे ही निदान आठ शतकांची परंपरा उभी आहे. त्याने ती निर्माण केलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली आहे.

त्याच मराठीचे वैभव फादर थॉमस स्टीफन्स यांनी पाहिले आणि १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त तिची मनापासून स्तुती केली, हेही आपण विसरू नये. भाषा एकच, वारशात काय घ्यावे, हे घेणाऱ्यावर अवलंबून असते.

आज कायदाही येशूच्या त्या प्रवचनाच्या बाजूला, म्हणजे शब्द कोठे आदळतो हे पाहण्याकडे, सरकला आहे. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील भाषेसाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेत शिक्षा होती; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. पण त्याहून महत्त्वाचा आम्हाला १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा वाटतो. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात चारचौघांसमक्ष जातीच्या नावाने शिवी देणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नमूद झाला. तो शब्द उच्चारायला एरवी अश्लील नसतो. वर्गात तो हसत हसत फेकला जातो. परंतु ज्या मुलाच्या दिशेने तो येतो, त्याच्या घरी तीन पिढ्यांनी तो खाली मान घालून ऐकलेला असतो. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. म्हणजे ‘गाढवा’, ‘मूर्खा’ असा रोजचा उद्धार करणाऱ्या शिक्षकांनाही आता आपली जीभ तपासावी लागेल.

मुलांचे म्हणणेही आपण ऐकले पाहिजे. ती म्हणतात, ‘फादर, तोंडातून सहज जाते, त्यात अर्थ काही नसतो, मन हलके होते एवढेच.’ यात तथ्य नाही असे नाही. इंग्लंडमधील कील विद्यापीठात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून बसलेल्या विद्यार्थ्यांना शिवी उच्चारीत असताना वेदना अधिक वेळ सोसता आली. परंतु त्याच संशोधकांना पुढे असे आढळले, की ज्यांच्या तोंडी दिवसभर शिव्या असतात, त्यांना हा लाभ फारसा मिळत नाही. शब्द झिजतो आणि मन हलके करण्याच्या उपयोगाचाही राहत नाही. पण बोलणाऱ्यापुरता तो झिजला, तरी ऐकणाऱ्यासाठी झिजतोच असे नाही. त्याच वर्गात, दोन बाकांपलीकडे, एक मुलगी बसलेली असते. दिवसभर आई, बहीण, स्त्रीदेह यांविषयी तेच ते शब्द तिच्या कानांवर पडतात. तिच्याशी कोणी भांडलेले नसते. पण या भाषेत आपली जागा कोठे आहे, हे तिला कोणी न सांगता कळते. ‘अर्थ काही नसतो’ हे तिला विचारल्याशिवाय म्हणता येणार नाही.

तेव्हा इतिहासापासून आपण काय घ्यावे? मुले आताच बिघडली, हे निदान टिकत नाही. कठोर शिक्षेने जीभ सुधारते, हेही टिकत नाही. संत असलेल्या राजालाही ते साधले नाही. मुले शिव्या मोठ्यांकडून उचलतात आणि कळपात राहण्यासाठी वापरतात, हे मात्र ऑगस्टीनपासून वाल्दोक्कोपर्यंत पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून उपायही तेथूनच सुरू झाला पाहिजे. घरात वडील गाडी चालवताना, शेजाऱ्याशी बांधावरून वाद घालताना, फोनवर व्यवहार करताना काय बोलतात, ते मूल ऐकत असते. शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षक पटांगणात असतात की शिक्षककक्षात, हा साधा प्रश्न आहे, पण बॉस्को यांची सारी पद्धत त्यात सामावली आहे. १९०६ साली त्यांचे सेल्सियन अनुयायी तंजावरला आले आणि पुढे मुंबईतही डॉन बॉस्को यांच्या नावाने शाळा उभ्या राहिल्या. इमारतीवर नाव कोरणे सोपे असते. घामाने भिजलेल्या मुलांत जाऊन त्यांच्याबरोबर चेंडू खेळणे, आणि खेळता खेळता त्यांची भाषा आपोआप सावरली जाईल इतके त्यांचे होणे, हे अवघड काम आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गातही आम्हाला एक बदल सुचवावासा वाटतो. शिवी हा विषय आपण दुसऱ्या आज्ञेखाली शिकवून मोकळे होतो. तो चौथ्या आणि पाचव्या आज्ञेखालीही शिकवावा. आईवडिलांचा मान राख आणि कोणाचा घात करू नकोस, या दोन्हींचा भंग एकाच शब्दाने कसा होतो, ते मुलांना त्यांच्याच भाषेत उलगडून सांगावे. मुले समंजस असतात. शब्दाचा अर्थ शांतपणे समोर ठेवला, तर पुष्कळांना तो आजवर ठाऊकच नव्हता असे दिसते. आणि एखाद्या दिवशी आपल्या मुलाच्या तोंडून असा शब्द निघाला, तर त्याचा कान धरण्यापूर्वी तो त्याने कोठे ऐकला, एवढे त्याला विचारावे. तो जे उत्तर देईल, ते ऐकून घेण्याची तयारी मात्र आपण ठेवली पाहिजे.